मांडी घालणाऱ्यांची वकील

माझ्या नणंदेशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय, आणि उद्या तो जन्माला आलाच तर आधी रांगेत उभा राहा म्हणून ती त्याला परत पाठवेल. हे मी रागानं म्हणत नाही. रागराग करून झाला, लग्नानंतरची पहिली वर्षं त्यातच गेली. आता मी तिच्या बाजूनं भांडते, ते जास्त सोपं पडतं. वयानं ती माझ्याएवढीच, त्यामुळे आमचं आपसात अगं-तुगं चालतं. ती मला वहिनी म्हणते आणि मी तिला चारचौघांत मुद्दाम वन्सं म्हणते, कारण हा जुनाट शब्द ऐकला की तिच्या कपाळावर जी आठी पडते ती बघायला मला फार आवडतं. डोंबिवली पूर्वेला एकाच मजल्यावर आमची समोरासमोर दारं आहेत. माझे सासरे, म्हणजे तिचे बाबा, झोपतात तिच्याकडे, जेवतात आमच्याकडे आणि कुरकुरतात दोन्हीकडे. सासूबाई गेल्यापासून ही वाटणी आहे. वन्संनी लग्न केलेलं नाही. का नाही केलं म्हणून चौकशी करणाऱ्या मावश्या-आत्यांना ती उलट त्यांच्याच संसाराबद्दल असे काही प्रश्न विचारते की पुढच्या कार्याला त्या आमच्यापासून चार खुर्च्या सोडून बसतात. स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत कोणी मध्येच घुसून रिक्षात बसला तर ही आरडाओरडा करत नाही. शांतपणे त्याच्या शेजारी जाऊन बसते आणि म्हणते, "चला, तुमच्याच घरी येते. घरचे भेटतील, चहा होईल." आजवर एकानंही तिला घरी नेलेलं नाही, सगळे मुकाट्यानं उतरून रांगेच्या शेवटी गेलेत.

ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत ती इंजिनिअर आहे, शिक्षण धातूंचं. रक्तवाहिनी कुठे बुजली की डॉक्टर तिच्यात एक जाळीदार नळी सरकवतात, ती आत जाऊन उघडते आणि रस्ता मोकळा ठेवते. तिला स्टेंट म्हणतात हे आता सांगायला नको. आमच्या सोसायटीत कोणाच्या हृदयात किती बसलेत यावर ज्येष्ठ नागरिकांचा मानपान ठरतो. वन्सं हृदयाच्या नाही, पायाच्या नळ्या करते. स्कॅनमध्ये वाहिनीचा जो आकार दिसतो तो संगणकावर जसाच्या तसा उभा करायचा आणि त्याला बसेल अशी नळी आखायची. "शिंपीण आहे मी," ती म्हणते, "फक्त माप आतून घेते." या नळ्यांचा धातू हुशार असतो, त्याला आपला आकार आठवतो. थंड करा, चुरगळा, काडीएवढ्या नळकांड्यात कोंबा, अंगाच्या उबेला आला की पुन्हा मूळ रूपात उभा. हे लोकांना पटावं म्हणून तिच्या पर्समध्ये एक तार असते, तिला तिनं कंपनीतल्या भट्टीत गणपतीचा आकार शिकवलाय. एकदा टिटवाळ्याची मंडळी हिला बघायला आली होती. मुलाच्या वडिलांनी अगदी प्रेमानं विचारलं, "बेटा, तुम्ही करता काय नक्की?" हिनं तारेचा चुरगळलेला बोळा काढला आणि त्यांच्याच वाफाळत्या चहात टाकला. बघता बघता कपातून सोंड वर आली. मुलाच्या आईनं हात जोडले. त्यांचं बघून वडिलांनी जोडले, मग आम्हालाही जोडावे लागले. टिटवाळ्याच्या माणसांसमोर गणपती काढायचा म्हणजे काय होणार? आता तो चहा प्यायचा कसा, टाकायचा कुठे, यावर इतकी चर्चा झाली की मुलीला प्रश्न विचारायचे राहूनच गेले. शेवटी मी तो कप तुळशीत ओतला. मंडळींचा होकार आला, सोबत तसला एक गणपती देव्हाऱ्यासाठी मिळेल का अशी विचारणाही आली. नकार हिनं दिला.

हिला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, गुडघे राहतात. नवरात्रात आम्ही दोघी ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला गेलो होतो. सगळ्यांचं लक्ष देवीकडे आणि ही कडेला टेकलेल्या बायकांकडे टक लावून. "वहिनी, ती निळ्या साडीतली बघ. केव्हाची उकिडवी बसलीय, आणि उठली कशी बघ, हात न टेकता." मी म्हटलं, अगं देवीकडे बघ. पण हिची नजर काही हलेना. शेवटी त्या बाईनंच येऊन विचारलं, "काय झालं ताई? काय हवंय?" ही म्हणाली, "तुमच्या पायाचा स्कॅन." मी तिचा दंड धरून तिला गर्दीतून ओढत आणलं. त्या वर्षी आमचं दर्शन बाहेरच्या पडद्यावरच झालं.

पण या गुडघ्यांच्या वेडाचं मूळ आमच्याच घरात होतं, आणि ते म्हणजे बाबा. बाबांना खुर्चीवर बसता यायचं नाही. म्हणजे ते खुर्चीवर बसायचे, पण मांडी घालून. पाय लोंबकळत सोडून बसणं त्यांना अर्धवट वाटायचं. सोफ्यावर मांडी, रिक्षात मांडी, सलूनच्या फिरत्या खुर्चीत गळ्याला कापड गुंडाळून मांडी. मी कल्याणला ज्या बँकेत काम करते तिथे हयातीचा दाखला द्यायला आले तर मॅनेजरसाहेबांसमोर चपला जोडीनं खुर्चीखाली ठेवून वर मांडी. दातांच्या डॉक्टरनं खुर्ची मागे कलती केली तेव्हा ते मांडीसकट कलते झाले. जेवायला मात्र जमिनीवर. टेबलावर बसा म्हटलं की ते म्हणायचे, "पाय खाली सोडून जेवायला मी काय झोपाळ्यावर बसलोय?" पुढ्यात ताट, पाठीला भिंत आणि खाली घडी घातलेली सतरंजी, एवढं मिळालं की हा माणूस राजा. आम्ही हसायचो, पण त्यांना तसं बसलेलं बघितलं की घर जागेवर आहे असं वाटायचं.

मग एका वर्षी बाबा साड्या बघायला लागले. संध्याकाळी फडके रोडला फिरायला निघाले की दर थोड्या अंतरावर एखाद्या दुकानापुढे थांबायचे आणि काचेतल्या पैठण्या निरखत राहायचे. ज्या माणसानं जन्मात स्वतःहून हातरुमाल घेतला नाही तो पैठण्यांपुढे उभा, म्हणून मला गंमत वाटली. "बाबा, कोणासाठी चाललंय?" असं मी विचारायची आणि ते नुसते हसायचे. माझा नवरा तर काळजीत पडला. एक दिवस वन्सं आमच्याबरोबर होती. ती दुकानांकडे बघत नव्हती. "बाबा साडी बघत नाहीयेत," ती हळूच म्हणाली. "त्यांची पोटरी धरतेय. थांबलं की रक्त पोचतं, मग पुढे निघतात. दुखतंय हे सांगायची लाज वाटते म्हणून साड्या." मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी काचेवरून नजर हलवली नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

ठाण्याच्या डॉक्टरांनी स्कॅन काढला. उजव्या मांडीतून गुडघ्यामागे उतरणारी मोठी वाहिनी बरीच बुजली होती. डॉक्टर सज्जन होते, घाई करणारे नव्हते. आधी गोळ्या आणि रोज नेटानं चालणं, नाहीच भागलं तर स्टेंट, असं ते म्हणाले. "मात्र स्टेंट बसल्यावर खाली बसणं बंद. मांडी नाही, उकिडवं नाही. गुडघ्यामागे नळी दुमडते, तुटूसुद्धा शकते." हे ते सांगत होते तेव्हा बाबा त्यांच्यासमोर खुर्चीवर मांडी घालूनच बसले होते. वन्संनी विचारलं, "हा स्कॅन पाय सरळ ठेवूनच काढलाय ना?" डॉक्टर म्हणाले, "सगळीकडे तसाच काढतात." "पण हा पाय दिवसभरात कधी सरळ असतो?" डॉक्टरांनी जरा विचार केला. "झोपल्यावर." "हे झोपेतही पाय दुमडतात," ती म्हणाली. "डॉक्टर, तुमचं चुकतंय असं नाही म्हणत मी. पण झोपलेल्याचं माप घेऊन बसणाऱ्याला अंगरखा शिवतोय आपण. आणि तो फाटला की म्हणायचं, बसू नका. नळी माणसासाठी आहे का माणूस नळीसाठी?" डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग तुम्ही करा की तशी. मी बसवतो." चेष्टेत म्हणाले बिचारे, पण कोणाशी बोलतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून तिनं मांडी घालणाऱ्यांचं वकीलपत्र घेतलं. पहिली अडचण अशी की दुमडलेल्या पायाचे स्कॅन कुणी काढतच नव्हतं. एमआरआयच्या, म्हणजे त्या चुंबकाच्या मशीनचा बोगदा अरुंद, त्यात माणूस मांडी घालून जाणार कसा? हिनं युक्ती काढली, कुशीवर निजून मांडी घालायची. माणसांवरच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या समितीची कंपनीकडून रीतसर परवानगी घेतली आणि स्वेच्छेनं कोण येतंय ते बघायला लागली. बोगद्यात कोण मावेल हे आधी कळावं म्हणून तिनं मांडववाल्याकडून वाढदिवसाच्या फुग्यांची लोखंडी कमान आणली, ती बोगद्याच्या मापानं गोल वाकवली आणि गुढीपाडव्याच्या दिवशी माझ्या हॉलमध्ये उभी केली. माणसं श्रीखंड-पुरी जेवून सुस्तावली होती. एकेकाला चटईवर कुशीवर निजवून, मांडी घालायला लावून, चटईसकट त्या कड्यातून ओढण्यात आलं. सोसायटीचे सेक्रेटरी वर्गणीच्या कामाला आले होते, तेही पार झाले. माझा नवरा पोटाशी अडला. "दादा, श्वास सोड," वन्सं म्हणाली. "सोडलाय," तो म्हणाला. मग आम्ही त्याला परत मागे ओढलं आणि त्यानं उरलेली दुपार गच्चीत काढली. बाबा हे सगळं भिंतीला टेकून मांडी घालून बघत होते आणि इतके हसत होते की त्यांना ठसका लागला.

मी कड्यातून अलगद गेले, म्हणून माझा नंबर लागला. रविवारी स्कॅन सेंटरमध्ये मंगळसूत्र, बांगड्या, केसांतल्या पिना काढून ठेवल्या आणि त्या बोगद्यात अंगाचं मुटकुळं करून पडून राहिले. आतला आवाज म्हणजे शेजारच्या फ्लॅटमध्ये फरशी फोडायचं काम. मनात तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग आठवलं की त्या आता माझ्याही आहेत. बाहेर आल्यावर तिनं पडद्यावर माझ्या पायाची वाहिनी दाखवली. पाय सरळ असताना काठीसारखी, आणि मांडी घातल्यावर बागेतल्या पाइपला मुरड पडावी तशी. ती नुसती वाकली नव्हती, पिळली होती आणि आखूडही झाली होती. "बघ ना," वन्सं म्हणाली, "तुझी वाहिनी जिवंत आहे म्हणून सोसते. आत ताठ नळी असती तर?" एरवी ही बाई बोलायला लागली की थांबत नाही, पण त्या पडद्यासमोर ती नुसतं त्या मुरडीवरून बोट फिरवत राहिली. मला तिच्याबद्दल इतकी माया त्याआधी कधी वाटली नव्हती.

या चित्रांवरून तिनं कंपनीत एक पाय करवून घेतला. रबराची मांडी, रबराची पोटरी, आत मऊ वाहिनी, तिच्यात कोमट पाणी खेळवलेलं, आणि मोटर लावली की तो पाय मांडी घालायचा, सोडायचा, पुन्हा घालायचा, दिवसभर. कंपनीची नळी त्यात बसवली तर ती काही काळानं चिरली. कंपनीचे मालक, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, ते खवळले. नळी सरकारी मंजुरीच्या परीक्षेला पाठवायचे कागद तयार होते, खुर्चीवर बसण्याइतका गुडघा वाकवायची चाचणी ती पास झाली होती, फक्त हिची सही राहिली होती. पुढचा सगळा संवाद हिनंच मला साभिनय सांगितलाय. साहेब म्हणाले, "नियमात मांडी नाही. पत्रकात एक ओळ टाकू, मांडी घालू नये." ही म्हणाली, "पत्रक कोण वाचतं? माझ्या बापाला वाचून दाखवा." साहेब म्हणाले, "बाहेरच्या देशात अशाच चालतात नळ्या." ही म्हणाली, "तिथली माणसं खाली बसत नाहीत. आपल्या माणसांना बाहेरच्यांचे पाय लावणार आहात का?" "तू सही करणार आहेस की नाही?" "नाही." "नोकरी जाईल." "जाऊ दे. मी खाली बसून जेवेन, मला चालतं." साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी रागारागानं बूट काढले आणि विचार करायला म्हणून आपल्या चामडी खुर्चीत एक पाय वर ओढून घेतला. मग दुसराही. ही नुसती त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं साहेबांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी पाय खाली सोडले नाहीत, पण तिला दिवाळीपर्यंत मुदत दिली.

पण बाबांचा पाय दिवाळीपर्यंत थांबणारा नव्हता. पावसाळा संपता संपता उजव्या अंगठ्याला चपलेनं एक साधी जखम झाली आणि ती भरेच ना. रात्री पाय ठणकायला लागला. डॉक्टर म्हणाले, आता थांबलो तर अंगठा जाईल, मग कदाचित पाऊल. स्टेंट याच आठवड्यात. त्या संध्याकाळी जेवायच्या वेळी बाबा सतरंजीवर आपल्या जागी बसले होते आणि वन्सं समोर उभी होती. बाबा म्हणाले, "एवढं भांडतेयस त्या नळीसाठी, तर तुझीच घाल ना मला. मी लिहून देतो काय ते." त्यांचा तिच्यावर विश्वास होता, आणि थोडा आपल्या जागेचा हट्टही. मला वाटलं ही आता कोणाशी तरी भांडणार, डॉक्टरशी, परवानगीवाल्यांशी, देवाशी. पण ती खाली बसली. "माझी अजून तयार नाही, बाबा. मशीनमध्ये दोनदा चिरलीय. तयार झाली तरी आधी बऱ्याच चाचण्या लागतील. तुमच्यावर करून बघायची हिंमत माझ्यात नाही." बाबा म्हणाले, "मग?" ती म्हणाली, "मग डॉक्टर देतील ती. आणि मांडी घालायची नाही." ज्या वाक्याविरुद्ध ती साऱ्या जगाशी भांडली होती ते तिलाच म्हणावं लागलं. माझ्या हातातली आमटीची वाटी तशीच राहिली. बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं," म्हणाले. एवढ्या आयुष्यात तिच्याशी वाद न घालता त्यांनी ऐकलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

नळी बसली, अंगठा वाचला, जखम भरली. बाबा फडके रोडवर न थांबता चालतात, साड्यांकडे बघतही नाहीत. जेवायला टेबलाशी बसतात. पाय खाली, सरळ, शाळेत फोटो काढायला बसल्यासारखे. जेवण कमी झालंय, पण तसं विचारलं तर म्हणतात, "वयाचं आहे गं." वन्सं त्यांच्यासमोर बसून जेवते आणि त्यांच्या पायांकडे बघत नाही. तिकडे कंपनीत मात्र तिनं दिवाळी काय, दिवाळीनंतरचे महिनेही साहेबांकडून भांडून घेतले. नळीच्या कड्यांना जोडणारे दुवे तिनं कमी केले, उरलेले तिरके वळवले, म्हणजे वाहिनी पिळली, आखडली की नळीही तिच्याबरोबर पिळेल, आखडेल. माझ्या पायाचं चित्र अजून तिच्या टेबलासमोर भिंतीवर आहे, माझी परवानगी तिनं लावल्यावर घेतली.

गेल्या महिन्यात तिनं बाबांना आणि मला वागळे इस्टेटला नेलं. त्या खोलीत तो रबरी पाय आपला मांडी घालत होता, सोडत होता. नवी नळी त्यात कित्येक आठवडे होती आणि अजून तिला तडा गेलेला नव्हता. बाबांना स्टुलावर बसवलं. ते पुढे वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छान बसतो गं." वन्सं म्हणाली, "हो." "माणसांना कधी मिळेल?" "वर्षं जातील, बाबा. अजून किती पायऱ्या आहेत." "म्हणजे मला नाही." बाबांनी मान डोलावली. "मग ज्याला मिळेल त्याला सांग, जेवताना अवश्य घाल म्हणावं. टीव्ही बघताना नको, कंबर धरते." साहेब दारात उभे होते, ते हसले. वन्सं हसली नाही. तिनं मशीन बंद केलं आणि तो पाय मांडी घातलेल्या अवस्थेत थांबला.

परत स्टेशनकडे येताना रिक्षात बाबा आमच्या दोघींच्या मध्ये होते. वाटेत कुठेतरी, बोलता बोलता, सवयीनं त्यांचा उजवा पाय सीटवर वर आला. तिनं पाहिलं, मीही पाहिलं. तिनं तोंड फिरवलं आणि ती बाहेरच्या दुकानांकडे बघत राहिली. पाय खाली बाबांनी स्वतःच ठेवला.